स्वतंत्र मजूर पक्ष व खोतीचें विधेयक

डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं इ. स. १९३६ च्या ऑगस्टांत स्थापिलेला स्वतंत्र मजूर पक्ष अवघीं सहा वर्षें टिकला. अल्पायुषी पक्षांची दखल इतिहासकार सहसा घेत नाहींत; त्यामुळें ‘अस्पृश्यांचा पक्ष’ एवढें म्हणून त्यास एका ओळींत निकालांत काढण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम नांवच पाहावें. ‘मजूर’ हा शब्द मूळ फारशी. आम्हां संस्कृताच्या पंतोजींना ‘कर्मकर’ अधिक रुचला असता! परंतु गिरणींत व शेताच्या बांधावर जो शब्द चालतो तोच पक्षानें पत्करला, जातिवाचक नांव घेतलें नाहीं. कामाच्या तासांस मर्यादा, पुरेसें वेतन, पगारी रजा, आरोग्यदायक घरें, भूतारण पेढ्या, धंदेशिक्षण हीं सर्व जाहीरनाम्यांत आहेत. कलमें लिहिणें सोपें असतें. खरी कसोटी लागली ती खोतीच्या प्रश्नावर.

रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्यें खोत उभा असे. सरकारचा सारा त्यानें भरावयाचा, आणि कुळाकडून त्याहून पुष्कळ अधिक वसूल करावयाचें. हीं कुळें कुणबी, आगरी, महार अशा नाना जातींचीं होतीं. अलिबागेजवळ चरी येथें तर १९३३ पासून कुळांनीं शेतें कसण्याचेंच सोडून दिलें होतें. अशा स्थितींत १७ सप्टेंबर १९३७ रोजीं आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यास १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणें कबजेदाराचा हक्क मिळावा, आणि खोतासही वाजवी भरपाई द्यावी, अशी त्यांत तरतूद होती. पक्षावर अविचाराचा आरोप करणाऱ्यांनीं हें दुसरें कलम वाचलेलें दिसत नाहीं. लाभ मिळावयाचा तो कसणाऱ्यास, मग त्याची जात कोणतीही असो. पक्षाचे अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर हे सभासद स्वतः स्पृश्य समाजांतलेच होते. १९३८ च्या जानेवारींत कोंकणांतील हजारों शेतकरी मोर्चानें विधिमंडळावर गेले, तेही एका जातीचे नव्हते.

विधेयक मंजूर झालें नाहीं. १९३९ च्या नोव्हेंबरांत काँग्रेस मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. १९४२ मध्यें पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननें घेतली. खोती नष्ट करणारा कायदा मुंबई सरकारनें केला तो १९४९ चा. त्या वेळीं मुख्य प्रधान बाळासाहेब खेर होते. १९३७ सालींही तेच होते.