रात्रीचा फोटो आणि आईचे मिटलेले डोळे

मला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून लेकीनं आणि जावयांनी यंदा नवा कॅमेरा भेट दिला. मिररलेस म्हणतात तसला. सोबत ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स. "बाबा, आता रात्रीचे फोटो काढा, फ्लॅश लागत नाही," असं नातवानं सांगितलं आणि मला कोपऱ्यात बसवून दोन तास शिकवणी घेतली. चौतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आता पोरं मला शिकवतात. चालायचंच.

पण "फ्लॅश लागत नाही" हे वाक्य ऐकल्यावर मला आमच्या घरातला एक फोटो आठवला. नातेवाईक मंडळींनी तो पाहिलेला आहे, इतरांसाठी सांगतो. १९६४ साली अक्काचं लग्न झालं, त्या रात्रीचा फोटो. वाईजवळचं आमचं गाव, वीज आलेली नव्हती, मांडवात दोन गॅसबत्त्या. पुढे खुर्च्यांवर अक्का आणि दाजी, अक्काच्या शेजारी आई उभी, खाली मांडी घालून मी, आणि मागे ओट्यावर दादा, काका वगैरे पुरुष मंडळी. आम्ही पुढचे सगळे खडूनं रंगवल्यासारखे पांढरे. मागचे पुरुष म्हणजे नुसते फेटे आणि सावल्या. आणि आईचे डोळे घट्ट मिटलेले.

आईचा हा एकमेव फोटो. १९६९ मध्ये ती गेली. माझ्या मुलांना, नातवंडांना आजी म्हणजे डोळे मिटलेली बाई एवढंच माहीत. ते डोळे घारे होते, हे सांगावं लागतं.

त्या रात्रीचा फोटोग्राफर मला चांगला आठवतो. तालुक्याच्या गावाहून सायकलवर आला होता. कॅमेऱ्याला ताटलीएवढी चकचकीत वाटी लावलेली आणि तिच्यात लिंबाएवढा काचेचा बल्ब. 'फट्' आवाज झाला की सगळा मांडव दुपारसारखा उजळायचा. मग तो रुमालात धरून गरम बल्ब काढायचा आणि टाकून द्यायचा. आम्ही पोरं तो पटकावायला झोंबायचो. आतून काळवंडलेला, काचेला बारीक तडे, तरी वरच्या लाखेच्या थरामुळे न फुटलेला. माझ्याकडे कितीतरी वर्षं एक होता.

एक बल्ब, एक फोटो. पुन्हा काढा म्हणायची सोय नव्हती. मोजके बल्ब घेऊन माणूस यायचा, आणि त्या एका भडक्यात जे दिसलं ते कायमचं.

या सगळ्यामुळे गेले काही महिने मी रात्रीच्या फोटोंचा इतिहास वाचत बसलो. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, विज्ञानाच्या तासाला कधी बदली म्हणून गेलो असेन तेवढंच. पण हा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. पुस्तकांमध्ये सगळी कौतुकं कॅमेऱ्यामागच्या माणसाची. ज्याच्या तोंडावर हा उजेड पडला त्याचं काय झालं, हे ओळींच्या मधूनच वाचावं लागतं.

१८३९ साली पॅरिसला दागेरनं आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा भर उन्हातसुद्धा काही मिनिटं लागायची. सुरुवातीच्या स्टुडिओंत माणसाची मान हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी आधार असे, त्याच्या चिमट्यात डोकं धरून बसायचं. जुन्या फोटोंतली माणसं इतकी करारी का दिसतात त्याचं अर्धं कारण हे. आपल्याकडेही ही विद्या फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या मंडळींत होते. पण सगळा कारभार सूर्याचा. दिवस मावळला की दुकान बंद.

नादार नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरनं १८६१ च्या सुमारास पॅरिसखालच्या भुयारांत विजेच्या कमानदिव्यांनी फोटो काढले. एकेका फोटोला अठरा-अठरा मिनिटं. इतका वेळ कुठला मजूर स्थिर उभा राहणार? म्हणून त्यानं मजुरांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले! अंधारात माणसाचा फोटो निघाला खरा, पण त्यात माणूसच नव्हता.

मग मॅग्नेशियम आलं. १८६४ पासून त्याची तार जाळून फोटो निघू लागले आणि पुढच्याच वर्षी पियात्झी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञानं ती इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात नेऊन जाळली. १८८७ साली मीटं आणि गेडिके या दोन जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून झटक्यात पेटणारी पूड केली. म्हणजे दिवाळीतल्या दारूचीच चुलत बहीण म्हणा. हात भाजणारे, भुवया जाळून घेणारे फोटोग्राफर या पुडीनं पुष्कळ तयार केले.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये एका बातमीदारानं वाचली. जेकब रीस त्याचं नाव. डेन्मार्कहून आलेला, स्वतः उपाशी झोपलेला, पोलीस ठाण्याच्या बातम्या देणारा. गरिबांच्या चाळींमध्ये एकेका खोलीत रात्री किती माणसं कोंबलेली असतात हे लिहून कोणी मानत नव्हतं. रीस मध्यरात्री दोन-चार माणसं घेऊन त्या खोल्यांत शिरायचा आणि पूड उडवायचा. सुरुवातीला पूड उडवायला पिस्तुलासारखं यंत्र होतं. अंधारात पिस्तूल घेऊन घुसलेली माणसं पाहून लोक घाबरून पळायला लागले, तेव्हा त्यानं पिस्तूल सोडून तळणीचा तवा धरला. दोनदा त्याच्या हातून घराला आग लागली, एकदा त्याचे स्वतःचेच कपडे पेटले. एकदा तर आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरचे कागद पेटले आणि त्यानं एकट्यानं आग विझवली. बाहेर पोलिसाला सांगितलं तर तो हसला. ते घर इतकं मळलेलं होतं म्हणे, की पेटणं शक्यच नव्हतं.

१८९० साली रीसचं पुस्तक निघालं, खळबळ माजली. पुढे थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यावर आले तेव्हा रीसनं त्यांना रात्री सोबत घेऊन ही सगळी दुनिया दाखवली, आणि पोलीस ठाण्यांमधले ते भयंकर रात्रनिवारे १८९६ मध्ये बंद झाले. काम मोठंच. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बेयर्ड स्ट्रीटवरच्या त्या खोलीचा फोटो बघा. पाच सेंटला एक जागा, अशी दाटीनं झोपलेली माणसं, एकाचे डोळे अर्धवट उघडलेले. दिवसभर राबून झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर मध्यरात्री सूर्य उगवला आणि लगेच विझला. त्यानंतर त्या खोलीत कोणाला झोप लागली असेल का, असं मनात येतंच.

पुढे पॅरिसमध्ये ब्रासाय झाला. मूळचा हंगेरियन. त्याचं रात्रीच्या पॅरिसचं पुस्तक १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गाजलं. रस्त्यांचे फोटो तो तिपाईवर कॅमेरा ठेवून रस्त्याच्याच दिव्यात काढायचा आणि वेळ मोजायला सिगारेट ओढायचा. उजेड बरा असेल तर एका जातीची, अंधार जास्त असेल तर जाडी, सावकाश जळणारी दुसरी! पण गुत्त्यांमधली माणसं टिपायला त्यालाही पूड लागेच, आणि तिच्या धडाक्यामुळे पिकासोनं त्याचं नाव दहशतवादी ठेवलं होतं.

याच्या अगदी उलट एरिख सालोमन. जर्मन ज्यू, शिक्षणानं वकील. १९२८ च्या सुमाराला त्यानं एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा घेतला, त्याची लेन्स त्या काळी अचाट म्हणावी अशी १.८ ची. (माझ्या लेन्सवर हाच आकडा आहे, हे पाहून मी उगाच खूश झालो.) फ्लॅश नाही, धडाका नाही. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या परिषदांमध्ये पेंगुळलेले, जांभया देणारे मुत्सद्दी त्यानं दिव्याच्या उजेडात टिपले, त्यांना पत्ताही न लागू देता. या सालोमनला १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारलं.

आमच्या मांडवातला तो बल्ब १९२९-३० मध्ये आला. बंद काचेत प्राणवायू आणि ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख, विजेच्या ठिणगीनं पेटणारा. धूर नाही, आग नाही, म्हणून बातमीदारांपासून लग्नवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. १९३१ पासून अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या विजेच्या फ्लॅशवर काम केलं, पण तो आमच्यासारख्यांच्या हातात यायला कितीतरी दशकं गेली.

पुढचे पांढरे आणि मागचे काळे का, हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा मधल्या सुट्टीत समजावलं होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आम्ही पुढचे सहा फुटांवर असू तर ओट्यावरचे दादा बारा फुटांवर. त्यांच्या वाट्याला आमच्या चौथाई उजेड. ज्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी कर्ज काढलं, तिच्या फोटोत ते असे सावली होऊन राहिले.

आता आईच्या डोळ्यांचं. इतकी वर्षं मी समजत होतो की उजेडानं तिचे डोळे मिटले. वाचल्यावर लक्षात आलं की हे जुळत नाही. बल्बचा मुख्य भडका सेकंदाच्या साधारण तिसाव्या-चाळिसाव्या भागात आटोपतो. पापणीला दचकून पूर्ण मिटायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे फट् व्हायच्या आधीच आईचे डोळे मिटलेले होते. का?

हे विचारायला आणि नव्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढायला मी कार्तिकात अक्काकडे गेलो. अक्का आता एक्क्याऐंशीची. रात्री जेवणं झाल्यावर सगळे दिवे घालवले, देवघरातली समई आणून पाचही वाती लावल्या. अक्काला जमिनीवर पाटावर बसवलं, समई चार फुटांवर. आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा पंधरावा भाग. पण अक्काची मान हलते, वयामुळे. दहा फोटो काढले, दहाही फोटोंत चेहरा पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा. कॅमेरा तिचा डोळा बरोब्बर ओळखून त्यावर चौकोन दाखवत होता, पण त्या चौकोनाचा काय उपयोग? नातवाला फोन केला. तो म्हणाला, आयएसओ वाढवा. वाढवला तर अक्काच्या गालांवर भगर सांडल्यासारखे ठिपके दिसू लागले, ते मला आवडेनात.

मग मला आमचे विज्ञानाचे सर आठवले. समई उचलली आणि दोन फुटांवर ठेवली. उजेड चौपट, शटर साठाव्या भागावर. आणि अक्काला म्हटलं, डोकं मागे खांबाला टेकव. त्या लोखंडी चिमट्यापेक्षा आमच्या अक्काच्या घरचा सागवानी खांब केव्हाही बरा.

ती टेकून बसल्यावर मी आईचं विचारलं. अक्का म्हणाली, "अरे, तिनं मुद्दाम मिटले. पहिला फोटो आमच्या दोघांचा काढला तेव्हा ती विहिणींच्या पंगतीत तूप वाढायला निघाली होती. तो फट्कन उजेड झाला आणि तिला पुढचं काही दिसेना, पडवीची पायरीच चुकली. तुपाचं भांडं कसंबसं सावरलं. मग तुम्हा सगळ्यांच्या फोटोला बोलावलं तेव्हा मला कानात म्हणाली, मी डोळे मिटून घेणार बाई, पंगत अजून उठायचीय, आंधळी झाले तर वाढेल कोण?"

साठ वर्षं मी त्या फोटोग्राफरला मनात बोल लावत होतो. आणि अक्काला हे सगळं माहीत होतं. "कधी सांगितलं का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

हे बोलताना ती हसत होती, समईकडे बघत होती, आणि मी बटण दाबत होतो. कसलाही आवाज नाही, उजेड नाही. तिला कळलंच नाही. शेवटी तिनंच विचारलं, "काढायचा आहे ना फोटो? बसू का नीट?"

त्यातला एक फोटो वाईहून येताना छापून घेतला आणि पुढच्या रविवारी तिला नेऊन दिला. चष्मा पुसून तिनं तो बराच वेळ पाहिला. चेहऱ्याची एक बाजू उजळलेली, दुसरी अंधारात, मागचा खांब जेमतेम कळतो, आणि डोळ्यांत समईच्या पाच वाती मोजता येतात. अक्काचे डोळेही घारेच.

"यात अंधार पण आलाय की रे," एवढंच म्हणाली. मग दोन प्रती मागितल्या, एक बेळगावच्या भाचीला पाठवायला आणि एक तिथंच, आईच्या फोटोशेजारी लावायला. खिळा मीच ठोकून आलो.