गाणे सिलोनला गेले तेव्हा

नागपूरच्या सक्करदऱ्यात बुधवार म्हटले की बाजार आठवतो. पण १९५२ नंतरची निदान साडेतीन दशके बुधवारला नागपुरातच काय, देशभर आणखी एक अर्थ होता. त्या दिवशी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागायची. आज हातात मावणाऱ्या गेमच्या यंत्रांबद्दल बोलताना व्यापारातले लोक सांगतात की यंत्र गुणांवर खपत नाही, दुसरीकडे कुठेच न मिळणाऱ्या एखाद्या खेळावर खपते. हे नव्या युगाचे ज्ञान म्हणून सांगितले जाते. माझ्या मते आपल्याकडे त्याचा पुरावा सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. तो रेडिओच्या इतिहासात आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान नागपूरचे आहे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरचा चित्रपटगीतांचा वाटा त्यांनी कमी केला, गाणी आधी निवडून मगच लावायची पद्धत आणली आणि गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून तेही बंद केले. निर्मात्यांनी चिडून आकाशवाणीला दिलेली परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत चित्रपटगीते तिथून जवळपास नाहीशी झाली. तिकडे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबोला महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेले शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होते आणि त्यांवर १९५० पासून व्यापारी सेवा सुरू झाली होती. गाणी मुंबईची, निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित केलेले, जाहिरात सीबा कंपनीच्या ‘बिनाका’ टूथपेस्टची, पण प्रक्षेपण समुद्रापलीकडून. ३ डिसेंबर १९५२ ला निवेदक अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि पत्रांचे गठ्ठे पडू लागले. त्या काळच्या एका पाहणीचा निष्कर्ष असा सांगतात की परवाना असलेल्या दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागलेले होते आणि दहाव्या घरातला संच बिघडलेला होता.

कोलंबो नागपूरपासून सरळ दक्षिणेला, सुमारे १६०० किलोमीटरवर. इतक्या लांबून येणारा आवाज शॉर्टवेव्हवरच मिळायचा, तोही कधी लाटेसारखा वर येणारा, कधी बुडणारा. नागपूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ पासून होते आणि त्याचा आवाज स्वच्छ होता. तरी लोक खरखर सहन करून सिलोन लावत. ज्या संचात शॉर्टवेव्ह नव्हता तो स्वस्त असला तरी या गाण्यांसाठी निरुपयोगी होता. कोणता रेडिओ घ्यायचा हे अशा रीतीने गाण्याने ठरवले. शॉर्टवेव्हचे संच १९५२ च्या आधीही होते, त्यांच्या रचनेत त्या वर्षी काही नवे घडले नव्हते. बदलला तो गाण्याचा पत्ता, म्हणून हा दाखला मला इतका मोलाचा वाटतो.

जपानच्या निंटेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्राची गोष्ट याच जातीची आहे. १९८९ मध्ये तो आला तेव्हा त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. प्रतिस्पर्ध्यांकडे रंग होते, पण त्यांची यंत्रे सेल भराभर खात. अमेरिकेत निंटेंडोने गेम बॉयच्या खोक्यातच ‘टेट्रिस’ घालून दिला. मॉस्कोत जन्मलेला हा खेळ संगणकांवर इतरत्रही होता, पण हातातल्या यंत्रावर त्याचा हक्क निंटेंडोने मिळवला होता. पुढे यंत्र जुने झाले, आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला आलेल्या ‘पोकेमॉन’ने त्यात पुन्हा जीव ओतला. त्याच वर्षी त्याची सडपातळ आवृत्तीही निघाली हे खरे, पण पडदा अजूनही बिनरंगाचाच होता. मार्च २०१७ चे अमेरिकेतले आकडे तर चकित करतात. निंटेंडोचे नवे ‘स्विच’ यंत्र ९ लाख ६ हजार विकले गेले आणि त्या यंत्रावरच्या ‘झेल्डा’ या खेळाच्या प्रती ९ लाख २५ हजारांहून अधिक. म्हणजे यंत्रांपेक्षा खेळ जास्त.

यावर पहिला आक्षेप असा की रेडिओ पसरला तो ट्रान्झिस्टरमुळे, गीतमालेमुळे नव्हे. व्हॉल्व्हचा रेडिओ विजेवर चालायचा, महाग असायचा आणि बैठकीतली एक जागा कायमची अडवायचा. ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा, शेतात आणि पानटपरीवर जायचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात अवघे पावणेतीन लाख संच होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परवाने एक कोटीच्या पुढे गेले. एवढी झेप एका कार्यक्रमाने घेतली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या बातम्या होत्या, क्रिकेटचे धावते समालोचन होते. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. पण बातम्या आणि क्रिकेट आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर, कोणत्याही संचावर मिळत होते. लोक जास्त पैसे मोजून जादा बँडचा संच का घेत, याचे उत्तर त्यांत नाही.

नागपूरचे पान इथे उघडते. सिलोनला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, पण तीही आधी शॉर्टवेव्हवरच होती. १ नोव्हेंबर १९६७ ला आकाशवाणीने जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या प्रयोगासाठी मुंबई, पुणे आणि नागपूर ही तीनच शहरे निवडली गेली. सरकारने पंधरा वर्षांपूर्वी घालवलेले गाणे जाहिरातीसकट परत आणले, आणि ते नागपूरच्या माणसाला मीडियम वेव्हवर जवळून ऐकू येऊ लागले. आता एका बँडचा स्वस्त ट्रान्झिस्टरही गाण्यासाठी पुरेसा होता. सक्करदऱ्यासारख्या वस्तीत हा फरक पैशांचाच होता. दुसरीकडे कोठेच न मिळणारी गोष्ट कोणते यंत्र घ्यायचे ते ठरवते. ते किती घरांत पोचेल हे मात्र किंमत ठरवते. गेम बॉयलाही ही दोन्ही पावले टाकावी लागली.

दुसरा आक्षेप केसकरांच्या बाजूचा आहे. त्यांनी १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, अनेक कलावंतांना आधार दिला, आणि लोकांना आवडते तेवढेच द्यावे हा नियम सार्वजनिक माध्यमाला लावता येत नाही. हे मला पटते. पण आकाशवाणीजवळही इतरत्र न मिळणारी गोष्ट निर्माण करण्याची ताकद होती, आणि ती तिने पुण्यात दाखवली. १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या क्रमाने ५६ गीते चालले, आणि त्या वेळेला घरोघरी कामे थांबत. चित्रपटगीत बंद करून जे साधले नाही ते चांगले गाणे नव्याने रचून साधले. असे प्रयोग वर्षाला एक-दोन जरी झाले असते, तरी सिलोनची गरज कमी झाली असती असे मला वाटते.

१९८९ मध्ये गीतमाला स्वतःच सिलोन सोडून विविध भारतीवर आली. तोवर घरात दूरदर्शनचा संच आणि कॅसेटवाला टेपरेकॉर्डर होता. बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हचा काटा हळूहळू फिरवत कोलंबो शोधायचे कारण उरले नव्हते.