ॲक्सोलॉटलच्या टँकमध्ये थेट नळाचं पाणी का ओतू नये?

मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड कालव्यांमधला ॲक्सोलॉटल कल्ल्यांनी आणि त्वचेनेही श्वास घेतो. त्यामुळे आपल्याला चालणारं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला इजा करतं. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे खरं. पण क्लोरामाइन असेल तर ते तसंच राहतं. म्हणून डीक्लोरिनेटर वापराच. आरओचं पाणीही नुसतं नको, त्यात पुरेसे क्षारच उरत नाहीत.

खरी कसोटी तापमानाची. १६ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम. (गच्चीवरच्या टाकीतलं एप्रिलमधलं पाणी तर विसराच!) तापमान टँकशी जुळलं की सावकाश ओता. एका वेळी साधारण पाचवा भागच बदला. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात.