अक्षर आणि अर्थ

मूल घडाघडा वाचू लागले, म्हणजे त्यास वाचलेले कळू लागले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो निराधार नाही. पण तो अर्धाच खरा आहे, हे लिपीच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते.

आपल्याकडे दप्तराचे लिखाण शतकानुशतके मोडीत चाले. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत, शब्दही सुटे लिहीत नसत. वाचणारा कारकून आधी मजकुराचा रोख ओळखी आणि त्यावरून शब्द लावी. बालबोधीची रीत उलट : आधी अक्षर उलगडावयाचे, मग शब्द आणि शेवटी अर्थ. विल्यम केरीने श्रीरामपुरास १८०५ साली मराठीचे व्याकरण बालबोधीत छापले, तर १८१० साली कोश मोडीत. पुढे छापखान्याने कौल बालबोधीस दिला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून मावळली.

तुर्कस्तानात असेच स्थित्यंतर एका कायद्याने घडले. अरबी लिपीत तुर्की भाषेचे स्वर पुरते उतरत नसत. तेथेही शब्द ठाऊक असेल त्यासच तो नीट वाचता येई. १ नोव्हेंबर १९२८ रोजी रोमन वळणाची नवी वर्णमाला मंजूर झाली, तीत बहुधा एका अक्षरास एकच ध्वनी. म्हणून तुर्की मूल पहिल्या इयत्तेतच शब्द बहुतांशी बिनचूक वाचते. यापुढे प्रश्न उरतो तो वेगाचा आणि शब्दसंग्रहाचा. अडखळत वाचणाऱ्याचे सारे लक्ष अक्षरांत गुंतते; वाक्य संपेतो त्याचा आरंभ तो विसरलेला असतो. गफ आणि टन्मर यांनी १९८६ साली मांडले की, वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची शक्ती आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय. एक अंक शून्य असला, की फळ शून्य.

हा गुणाकार भंडाऱ्यासमोर, वैनगंगेकाठच्या कारधा गावी ताडून पाहावा. बाराखडी आणि जोडाक्षरे यांचे ओझे तुर्की वर्णमालेहून भारी आहेच. शिवाय ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च एकच लिहितात, पण उच्चारतात निराळा. त्यात या मुलखाच्या झाडीबोलीत ण आणि ळ हे वर्ण नाहीत. पाण्यास ‘पानी’ म्हणतात आणि डोळ्यास ‘डोरा’. पुस्तकात ‘डोळा’ पाहून मूल ‘डोरा’ म्हणाले, तर गुरुजी त्यास चुकलेले समजतात. आमच्या मते ते चुकलेले नसते. त्याने अक्षरे ओळखली, शब्द लावला, तो आपल्या घरच्या शब्दाशी जुळविला. आकलनाची याहून चोख साक्ष कोणती? उलट, शेजारचे मूल ‘डो-ळा’ असे स्वच्छ वाचून शाबासकी मिळविते, पण अर्थ विचारताच गप्प राहते. पहिल्यास उच्चार शिकवावयाचा आहे, दुसऱ्यास भाषा. दोघांस एकच औषध देणे हा अन्याय होय, आणि तो बहुधा पहिल्याच्या वाट्यास येतो. पुढे ते पुस्तकास भिऊ लागते.

अक्षरांचा सराव हवा, रोज हवा. त्याविना दार उघडत नाही. परंतु मुलाचे वाचन पारखताना आपण कान उच्चाराकडे लावून थांबू नये. धडा मिटावयास सांगावा, आणि त्यात काय घडले ते मुलास त्याच्याच बोलीत सांगू द्यावे.