भेटीचे पुस्तक कोणाचे?

सणाला पुस्तक भेट द्यावे, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. परंतु मुद्दाम सणासाठी पुस्तक छापावे, ते सणाआधी दुकानात मांडले जावे, आणि ते विकत घेणारा एक व वाचणारा दुसरा असावा, हा व्यवहार इंग्लंडात रुळला त्याला जेमतेम दोनशे वर्षे झाली आहेत. या व्यवहारात एक अडचण पहिल्यापासूनची आहे. पैसे मोजणारा पुस्तक वाचणार नसतो आणि वाचणाऱ्याने ते निवडलेले नसते. मग लेखकाने आणि प्रकाशकाने तोंड करावे तरी कोणाकडे? देणाऱ्याकडे की घेणाऱ्याकडे? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे निघाली. त्यांतल्या एका उत्तराची वाट थेट आपल्या दिवाळी अंकापर्यंत येऊन पोहोचते. म्हणून हा खटाटोप.

लंडनमध्ये स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर रूडॉल्फ अकरमन याचे चित्रांचे दुकान होते. हा मूळचा सॅक्सनीकडचा जर्मन. त्याच्या मायदेशी खिशात मावतील अशी सुबक वार्षिके निघत असत. त्याच धर्तीवर १८२२ च्या नोव्हेंबरात त्याने पुढील सालासाठी ‘फर्गेट मी नॉट’ हे वार्षिक काढले. ‘नाताळाची व नववर्षाची भेट’ असे त्याच्या नावातच सांगून टाकलेले होते. कविता, गोष्टी आणि कोरीव चित्रे असा त्यातला मजकूर. कल्पना अशी काही फळली की थोड्याच वर्षांत अशा वार्षिकांचा सुळसुळाट झाला. त्याला कारागिरीतील एक सुधारणाही कारण झाली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापता छापता लवकर झिजे. पोलादी पत्र्यावरून हजारो प्रती तशाच रेखीव निघू लागल्या.

यांतले सर्वांत दिमाखाचे वार्षिक ‘कीपसेक’. चार्ल्स हीथ या कोरीवकाम करणाऱ्या गृहस्थाने ते १८२७ च्या अखेरीस काढले. किरमिजी रेशमाची बांधणी, सोनेरी कडा आणि किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. सर वॉल्टर स्कॉट याच्यासारख्या लेखकाला त्यातील लेखनासाठी ५०० पौंड मिळाले. पुष्कळ वार्षिकांत आरंभी एक नक्षीदार पान असे आणि देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी त्यावर जागा कोरी सोडलेली असे. विकत घेणाऱ्याची सोय इतकी पाहिली होती!

वाचणाऱ्याचे काय? पुष्कळदा चित्र आधी तयार होई आणि कवीला ते समोर ठेवून त्यावर कविता जुळवावी लागे. लेटिशिया लँडन ही त्या काळची लोकप्रिय कवयित्री. ‘फिशर्स ड्रॉइंग रूम स्क्रॅप बुक’ या वार्षिकासाठी तिने अशा कितीतरी कविता पुरवल्या. त्या चित्रांत हिंदुस्थानची दृश्ये होती आणि आपले वेरूळही होते. बाईंनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. पण चित्र आले म्हणजे कविता देणे भागच होते. पुढे जॉर्ज एलियट हिने ‘मिडलमार्च’ या कादंबरीत या प्रकारावर नेमके बोट ठेवले. एक तरुण मोठ्या ऐटीत नायिकेपुढे ताजे ‘कीपसेक’ घेऊन येतो, आणि दुसरा ते चाळून त्याची थट्टा करतो. पुस्तक तिथे वाचण्याची वस्तू नसून मर्जी संपादण्याची वस्तू आहे.

तथापि वाचणारा फार चिवट प्राणी असतो, हेही सांगितले पाहिजे. यॉर्कशरातल्या हावर्थ गावी एका पाद्र्याच्या घरात शार्लट ब्राँटी नावाची मुलगी याच वार्षिकांतली चित्रे समोर ठेवून, रेघ न् रेघ जुळवीत, पेन्सिलीने त्यांच्या नकला करीत बसे. दिवाणखान्यासाठी बांधलेल्या पुस्तकातून तिने आपल्याला हवे ते काढून घेतले. पण म्हणून त्या वार्षिकांचे आयुष्य वाढले नाही. ‘फर्गेट मी नॉट’ १८४७ मध्ये संपले. ‘कीपसेक’ १८५७ पर्यंत कसेबसे टिकले. रेशीम जुने झाले की भेट जुनी होते. आत दुसरे काही नसेल तर मागे उरत नाही.

दुसरे उत्तर चार्ल्स डिकन्सचे. १८४३ च्या शरद ऋतूत त्याने एक छोटी गोष्ट लिहावयास घेतली आणि सुमारे सहा आठवड्यांत पुरी केली. ‘ए ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर रोजी बाहेर पडली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या ६,००० प्रती संपल्या. डिकन्सलाही भेटीचे पुस्तक देखणे हवे होते. सोनेरी कडा, जॉन लीच याची चार रंगीत चित्रे, आणि रंग हाताने भरलेले. किंमत मात्र ५ शिलिंगांवर जाऊ द्यायची नाही असा त्याचा हट्ट. छपाईचा खर्च त्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता. परिणाम व्हायचा तोच झाला. १,००० पौंड मिळतील अशी आशा धरलेल्या लेखकाच्या हाती पहिल्या आवृत्तीचे अवघे २३० पौंड आले.

या किमतीकडे मी कारकुनाच्या बाजूने पाहतो. कथेतला गरीब कारकून बॉब क्रॅचिट याचा पगार आठवड्याला १५ शिलिंग. म्हणजे ज्याच्या घरच्या नाताळाची गोष्ट ऐकून सारे इंग्लंड गहिवरले, त्याला ती गोष्ट घरी न्यायची तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. गिनीवरून पाच शिलिंगांपर्यंत भेटीचे पुस्तक खाली आले खरे, पण बॉबच्या उंबरठ्याशी पोहोचले नव्हते.

पुढच्याच नाताळात, १८४४ साली, जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी तिसरे उत्तर सापडले, आणि तेही बाजाराबाहेर. हाइनरिख हॉफमान नावाचा एक डॉक्टर आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणावयास निघाला. दुकानात लांबलचक गोष्टी होत्या, आरंभी आणि शेवटी उपदेश जोडलेल्या नीतिकथा होत्या; तीन वर्षांच्या पोराला हसू येईल असे काही नव्हते. तो एक कोरी वही घेऊन घरी परतला. तीत त्याने स्वतःच चित्रे काढली, स्वतःच पद्ये रचली. शेवटचे पान रिकामे राहिले तेव्हा त्यावर केस न विंचरणारा, नखे न कापणारा एक मुलगा काढून टाकला. मित्रांच्या आग्रहास्तव १८४५ मध्ये ती वही छापली गेली आणि १,५०० प्रती चार आठवड्यांत खपल्या. शेवटच्या पानावरचा तो मुलगाच पुढे पुस्तकाचे नाव होऊन बसला. तोच ‘श्ट्रुव्वेलपेटर’. त्यातली अद्दल घडवण्याची तऱ्हा आज आपल्याला क्रूर वाटते, आणि ते खोटे नाही. परंतु हे पुस्तक एका मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिथे दुकानदार नव्हता.

एकेका मुलासाठी वही रंगवणे सर्वांना साधणारे नव्हे. बॉब क्रॅचिटच्या घरी पुस्तक पोहोचवण्याची युक्ती नियतकालिकांना सापडली. डिकन्सने १८५० मध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ हे दोन पेन्सांचे साप्ताहिक सुरू केले. बारा पेन्सांचा एक शिलिंग, हे ध्यानी घेतले म्हणजे दोन पेन्सांची मातब्बरी कळेल. त्याच्या, आणि पुढे ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या नाताळ अंकांत तो दुसऱ्या लेखकांना जोडीला घेई. एलिझाबेथ गॅस्केल आणि विल्की कॉलिन्स त्यांतले. हा अंक एका व्यक्तीच्या नावाने येत नसे, घराला येई. शेकोटीभोवती एकाने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. १८६७ नंतर डिकन्सने हे अंक थांबवले, परंतु तोवर नाताळ अंकांची प्रथा इंग्रजी मासिकांत मुरून गेली होती.

हेच इंग्रजी अंक बोटीने मुंबईस येत. काशीनाथ रघुनाथ मित्र, मूळ आडनाव आजगावकर, यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले होते. १९०९ साली त्यांनी नाताळऐवजी दिवाळी धरून विशेष अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक तो हाच मानला जातो. फराळाच्या ताटाशेजारी छापील मजकुराला जागा मिळाली, ती शतक उलटून गेले तरी सुटलेली नाही. आमच्या कितीतरी लेखकांचे पहिले वाचक दिवाळीच्या सुट्टीतले. कादंबरीकार म्हणून मीही त्या ऋणात आहे.

पण इथे माझ्यातला शिक्षक आडवा येतो. दिवाळी अंक घराचा असतो, मुलाचा नसतो. मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही. नंतरचे शिक्षण ज्या पुस्तकांनी केले त्यांतली फार थोडी माझ्या मालकीची होती, म्हणूनच मालकीचे पुस्तक म्हणजे काय हे मला चांगले समजते. माझ्या वर्गातल्या मुलाकडे पुस्तक तीन वाटांनी येते. पाठ्यपुस्तक येते, ते परीक्षेबरोबर संपते. ग्रंथालयाचे येते, ते तारखेला परत जाते. भेटीचे तेवढे राहते. त्याच्या पहिल्या पानावर मूल आपले नाव घालते, खाली इयत्ता व तुकडी, मग मधल्या एखाद्या पानावर पुन्हा नाव, आणि शेवटच्या पानावर आणखी एकदा. अकरमनच्या काळी ती जागा प्रकाशक सोडीत असे. आमची मुले ती स्वतः शोधतात. शांताबाई शेळके यांची ‘चौघीजणी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना नाताळच्या सकाळी चौघी बहिणींच्या उशांखाली सापडलेली पुस्तके आठवत असतील. घरात पैशाची ओढ होती, तरी आईने चौघींत मिळून एक पुस्तक ठेवले नव्हते. प्रत्येकीचे निराळे होते आणि वेष्टणाचा रंगही निराळा होता.

म्हणून दिवाळीची खरेदी करताना अंक घरासाठी जरूर घ्यावा, आणि एक पुस्तक घरातल्या लहानग्याच्या नावाने घ्यावे. बांधणी पाहून घेऊ नये, बक्षीस दिल्यासारखे उपदेशाचे घेऊ नये. आधी त्या मुलाकडे नीट पाहावे, मग दुकानाची पायरी चढावी. सगळे धुंडाळूनही त्याच्याजोगे काही मिळाले नाही, तर फ्रँकफुर्टच्या डॉक्टराप्रमाणे एक कोरी वही घेऊन घरी यावे.