एकाने अडवलेला निकाल

बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) हा रेजिनाल्ड रोज यांच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा हिंदी अवतार. त्याचे कूळ सिनेमाचे समजले जाते. मुळात ते टीव्हीचे. स्वतः ज्युरीत बसून आल्यावर रोज यांनी लिहिलेले हे नाटक २० सप्टेंबर १९५४ रोजी अमेरिकेत सीबीएसवरून थेट प्रसारित झाले. सिडनी ल्युमेट यांचा चित्रपट त्यानंतरचा, १९५७चा. रणजित कपूर यांच्या हिंदी रूपांतरातून ते दूरदर्शनवर आले, म्हणजे माहेरीच परतले.

खरी गंमत कायद्यात आहे. कथेतल्या ज्युरीचे बारा जण एकमत झाल्याशिवाय उठू शकत नाहीत. अकरा विरुद्ध एक या पहिल्या मतदानावरच सारा डोलारा उभा. भारतातल्या १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ज्युरी जास्तीत जास्त नऊ जणांची होती, आणि एकमताची सक्ती नव्हती. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा ‘निर्दोष’ कौल दिला. तो त्या एकामुळे अडला नाही. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना पटला नाही, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. के. के. रैना यांनी रंगवलेला एकांडा सदस्य भारतीय ज्युरीत पहिल्या मतदानालाच निकालात निघाला असता. शिवाय १९७३च्या नव्या संहितेने ज्युरीच मोडीत काढली होती.

तरीही प्रेक्षकांना हे परके वाटले नाही. नानावटी खटल्याची आठवण, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण तोकडे आहे: त्या खटल्याने ज्युरी दाखवली, एकमत नव्हे. अधिक पटणारे मूळ गावबैठकीत सापडते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. अभ्यासगटात त्याचा कीस पाडला जातो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे गाव ते हेच. पटकथेचा मेंढ्याशी धागा अर्थातच नाही. पण नकार देणाऱ्यासाठी थांबायची ही रीत अमेरिकी कायद्याइतकीच कडक आहे. फरक एवढाच, की कथेतले बारा अनोळखी पुरुष निकालानंतर पांगतात, तर मेंढ्यात सहमत झालेल्यांना दुसऱ्या दिवशी एकाच जंगलात बांबू तोडायला जायचे असते.