वाहनांची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती

उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवरून वाहनाचे ठिकाण ठरवण्याची पद्धत. उपग्रह गाडीवर नजर ठेवतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. गाडी कुठे आहे हे उपग्रहाला ठाऊकच नसते. तो केवळ वेळ आणि स्वतःच्या कक्षेचा तपशील प्रसारित करतो. ऐकून गणित मांडतो तो गाडीतला रिसीव्हर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात. तेथून संकेत यायला सुमारे ०.०७ सेकंद लागतो. या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. ठिकाण सांगायला तीन उपग्रहांपासूनची अंतरे पुरायला हवीत. पण उपग्रहात आण्विक घड्याळ असते आणि रिसीव्हरमध्ये स्वस्त क्वार्ट्झचे. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक. म्हणून चौथा उपग्रह लागतो. अक्षांश, रेखांश, उंची यांच्याबरोबर घड्याळाची चूक हेही अज्ञात धरून चार समीकरणे सोडवली जातात. महागडे घड्याळ गाडीत न बसवता त्याचे काम साधणारी ही युक्ती या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे. सापेक्षतेच्या परिणामामुळे उपग्रहातील घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. त्याची दुरुस्ती वारंवारता आधीच किंचित कमी ठेवून केली जाते.

आयनांबरातून येताना संकेताला विलंब होतो, उंच इमारतींवर आपटून आलेला संकेत अंतर वाढवून दाखवतो, बोगद्यात तो पोहोचतच नाही. वेग मात्र डॉपलर परिणामावरून थेट मोजता येतो.

भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवरून भारतीय प्रदेशाला संकेत पुरवतात. तिच्या पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची आयात केलेली घड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशी रुबिडियम घड्याळ आहे.

ठिकाण कळले तरी ते मालकापर्यंत पोहोचवते मोबाइलचे जाळे. गाडीत बसवलेल्या यंत्रातले सिमकार्ड त्यासाठीच असते. ‘एआयएस १४०’ या भारतीय मानकानुसार सार्वजनिक प्रवासी वाहनांत असे यंत्र व आपत्कालीन बटण बसवले जाते. घाटात रेंज गेली की पडद्यावर थांबलेली दिसणारी बस प्रत्यक्षात घाट उतरूनही गेलेली असते; मधल्या नोंदी यंत्र साठवते आणि रेंज येताच पाठवते.